कुठल्याच खणात न मावलेला आवाज

‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव गायकांनी ठेवलेलं नाही, ते बाजारातून आलं. अमेरिकेतलं ‘बिलबोर्ड’ हे संगीतव्यवसायाचं साप्ताहिक कुठली तबकडी किती खपली याच्या याद्या छापत असे. काळ्या वस्त्यांमध्ये खपणाऱ्या तबकड्यांची यादी वेगळी असे आणि १९४० च्या दशकात तिच्या डोक्यावर शीर्षक असे ‘रेस रेकॉर्ड्स’. महायुद्धानंतर हे शीर्षक छापणाऱ्यांनाच खटकायला लागलं. जेरी वेक्सलर नावाचा तरुण तेव्हा बिलबोर्डमध्ये नोकरीला होता. त्याने ‘रिदम अँड ब्लूज’ सुचवलं आणि जून १९४९ मध्ये यादीची पाटी बदलली. गाणारे तेच, ऐकणारे तेच, विकणारेही तेच राहिले.

अशा पाट्यांनी जिचा जन्मभर पिच्छा पुरवला, त्या गायिकेची ही गोष्ट आहे. आशा पुथली, जन्म मुंबई, १९४५. पुण्यात नुसतं ‘आशा’ म्हटलं की आडनाव विचारावं लागत नाही. पुथली हे आडनाव मात्र सवाई गंधर्व महोत्सवाला दरवर्षी सतरंजी पकडून बसणाऱ्या कानसेनांच्याही ओळखीचं नसतं. या बाईंनी मार्विन गेचं गाणं अमेरिकेतल्या ब्लूज बँडबरोबर म्हटलं, ऑर्नेट कोलमनसारख्या बंडखोर जॅझवाल्याच्या तबकडीवर दोन गाणी गायली आणि बिल विदर्सची रचना लंडनच्या स्टुडिओत स्वतःची करून घेतली. पुढे त्यांच्या आवाजाचा तुकडा रॅपर नटोरियस बी.आय.जी.च्या तबकडीत जाऊन बसला. चार ठिकाणी चार वेगळ्या पाट्या लागल्या, आवाज एकच होता.

पाट्यांचा हा खेळ बघायला अमेरिकेला जायची गरज नाही. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारावी. तबकड्या विकणाऱ्याकडे हिंदी सिनेमाचा गठ्ठा वेगळा, नाट्यगीतांचा वेगळा, भक्तिगीतांचा वेगळा. उरलेलं सगळं ‘इंग्लिश’! त्यात जिम रीव्हज, बोनी एम, नाताळची गाणी, कुणाच्या तरी लग्नात वाजलेले वॉल्ट्झ, सगळं एकावर एक. पुथलींची तबकडी या बाजारात कधी आलीच, तर ती या शेवटच्या गठ्ठ्यात पडणार. गाणारी मुंबईची, गाणं काळ्या अमेरिकेचं, कंपनी जर्मनीतली. विकणाऱ्याने तरी दुसरं काय करावं?

रेडिओ आणि रियाज

पुथलींचं बालपण मुंबईत गेलं. लहानपणापासून हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाची तालीम चालू होती आणि जोडीला पाश्चात्त्य ऑपेरा पद्धतीचं कंठशिक्षणही. एकाच गळ्यावर दोन वेगळ्या शिस्ती बसवायच्या, हे त्या काळी फार कमी घरांत घडत असे. तिसरी शाळा रेडिओची.

या रेडिओची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ होती तशी इंग्रजी गाणीही भरपूर लागत. पुढे जानेवारी १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनाही कळावं म्हणून कोनोव्हर मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत असे. शीतयुद्धात संगीताचाही दारूगोळ्यासारखा वापर चालला होता. अमेरिकी सरकारने डेव्ह ब्रूबेकला १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टनला १९६३ मध्ये भारतात पाठवलं ते याच हिशोबाने. आकाशवाणी शास्त्रीय संगीताच्या सोवळ्यात आणि लघुलहरींवर अख्खं जग हात जोडून उभं! १९५० च्या दशकात मुंबईत वाढणाऱ्या मुलीच्या कानावर सकाळी भैरव आणि रात्री एला फिट्झेराल्ड पडत असेल, तर ते कुणी आखून दिलं नव्हतं. ती त्या काळाचीच मिळकत होती.

मुंबईला काळ्या अमेरिकी संगीताची ओळख त्याच्याही आधीपासून होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं. १९४९ नंतर मुंबई इलाख्यात दारूबंदी कडक झाली, हॉटेलांचा धंदा बसला आणि हे गोवेकर वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. आपल्या हिंदी गाण्यांतल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा उगम तिथला. तरी चर्चगेटच्या बाजूची काही रेस्तराँ टिकून होती, आणि दारू नाही तर नाही, दुपारच्या चहाबरोबर नाच चालू राहिला. शाळकरी वयात ‘मालागेन्या’ हे स्पॅनिश वळणाचं गाणं म्हणून पुथलींनी स्पर्धा जिंकली आणि मग अशाच चहानाचांच्या वेळी त्या जॅझ बँडबरोबर गायला लागल्या. गाणं ठरलेलं, त्यातल्या जागा मात्र आयत्या वेळी सुचलेल्या.

चांगल्या घरातल्या मुलीने परक्या लोकांसमोर उभं राहून गाणं, या गोष्टीसाठी आपल्याकडे किती घासाघीस करावी लागली ते पुण्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफिली करायला सुरुवात केली, तेव्हा शालीन पेहराव, स्थिर बैठक आणि निर्मळ स्वर यांच्या बळावर त्यांनी बाईच्या मैफिलीला प्रतिष्ठा मिळवून दिली. पण ती प्रतिष्ठा बैठकीची होती. उभं राहून, मायक्रोफोन हातात धरून, कंबर हलवत इंग्रजी गाणं म्हणणाऱ्या मुलीला तिचा काही उपयोग नव्हता. तिला सगळं पहिल्यापासून करायचं होतं.

अंध लेखकाने ऐकलेली मुंबई

वेद मेहता हे नाव आता आपल्याकडे फारसं निघत नाही. १९३४ मध्ये लाहोरला जन्म, चार वर्षांचे होण्याआधी मेंदूज्वराने दृष्टी गेली. वडिलांनी या कोवळ्या वयाच्या मुलाला हजारभर मैल लांब, मुंबईत दादरच्या अंधशाळेत ठेवलं. पुढे ते अमेरिकेला गेले आणि ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे नामांकित लेखक झाले. १९६० च्या दशकात भारतभर हिंडून त्यांनी लिहिलेलं ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ हे जाडजूड पुस्तक १९७० मध्ये निघालं. त्यात मुंबईतल्या जॅझवर एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात आशा पुथली आहेत.

भारतावरच्या त्या काळच्या इंग्रजी पुस्तकात काय असतं ते आपण जाणतो. दुष्काळ, धरणं, मठ, महाराजे. त्यात मध्येच एक मुंबईची मुलगी जॅझ गाते आहे, हे परदेशी वाचकाच्या कल्पनेत बसणारं नव्हतं. मेहतांनी ते टिपलं याचं कारण ते कानाने देश बघत होते, असं मला वाटतं.

याच सुमारास, १९६८ मध्ये, ‘द सर्फर्स’ या गटाबरोबर पुथलींची छोटी तबकडी निघाली. चार गाणी, चारही परदेशी. त्यात एक ‘फिव्हर’. या गाण्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९५६ मध्ये लिटल विली जॉन या काळ्या गायकाने ते प्रथम गायलं आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. दोन वर्षांनी पेगी ली या गोऱ्या गायिकेने वाद्यमेळ जवळजवळ काढून टाकून, चुटक्या आणि बास यांच्या आधाराने ते पुन्हा म्हटलं आणि जगभर तेच पोहोचलं. आणखी दहा वर्षांनी ते मुंबईत आलं. म्हणजे पुथलींच्या पहिल्यावहिल्या तबकडीवरच रिदम अँड ब्लूज होतं, फक्त दोनदा हात बदलून आलेलं. भारतीय तबकडीधंद्यावर तेव्हा एचएमव्हीची एकहाती सत्ता होती आणि इंग्रजी गाणाऱ्या भारतीयाकडून अपेक्षा एवढीच असे, की त्याने मूळ गाण्यासारखं गावं. नक्कल चांगली जमली की कौतुक. स्वतःचं काही गायचं असेल तर दार बंद!

बाहेर पडायला तिकीट लागतं, आणि त्या काळात तिकिटापेक्षा परकीय चलन मिळणं कठीण. पुथलींनी ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरली. नंतर मार्था ग्रॅहमच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. नाचाच्या दारातून गाण्याच्या घरात शिरायचा बेत होता.

मोठ्या कंपनीचा उंबरठा

न्यूयॉर्कमध्ये त्यांना ऐकणारा माणूस साधासुधा नव्हता. कोलंबिया कंपनीच्या जॉन हॅमंडने बिली हॉलिडेला उजेडात आणलं होतं, १९६० मध्ये अरीथा फ्रँकलिनला करारबद्ध केलं होतं आणि पुढच्याच वर्षी बॉब डिलनला. हॅमंडच्या कानाला बाजारात मान होता. त्याने पुथलींना घेतलं.

इथे अरीथाची गोष्ट मध्ये आणावी लागते. डेट्रॉइटच्या चर्चमध्ये वडिलांच्या प्रवचनाआधी भजनं गाऊन तयार झालेला हा गळा कोलंबियाने घेतला खरा, पण त्याचं करायचं काय हे तिथे कुणाला उमजेना. कधी जॅझ, कधी नाटकी गाणी, कधी तंतुवाद्यांचा भरगच्च ताफा. सहा वर्षं अशीच गेली. मग ती ॲटलांटिक कंपनीत गेली. तिथला निर्माता होता जेरी वेक्सलर, तोच, ज्याने रिदम अँड ब्लूजचं बारसं केलं होतं. जानेवारी १९६७ मध्ये त्याने तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत पियानोशी बसवलं आणि चर्चमध्ये गात होतीस तसं गा, एवढंच धोरण ठेवलं. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. गळा तोच होता, त्याला त्याच्या तालमीकडे परत जाऊ दिलं तेव्हा तो उमलला.

पुथलींची तालीम चर्चमधली नव्हती, म्हणून असा वेक्सलर त्यांना सहजासहजी भेटणार नव्हता. पहिलं काम आलं ते पीटर आयव्हर्सच्या ब्लूज बँडचं. आयव्हर्स हार्वर्डमध्ये शिकलेला, माऊथऑर्गन वाजवणारा विक्षिप्त माणूस. त्याच्या १९६९ च्या पहिल्या तबकडीवर मूळची कोलंबोची योलांदे बावन गायली होती. दुसरीसाठी त्याने पुथलींना बोलावलं. अमेरिकेच्या ब्लूज बँडला लागोपाठ दोन गायिका आपल्या उपखंडातून मिळाव्यात, हा योगायोग गमतीचा खरा.

या बँडबरोबर त्यांनी ‘एन्ट दॅट पिक्यूलिअर’ म्हटलं. स्मोकी रॉबिन्सनच्या मंडळींनी मार्विन गेसाठी रचलेलं हे गाणं १९६५ मध्ये रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं होतं. छोटी तबकडी बाजारात आली. मोठी मात्र कंपनीने कपाटात ठेवून दिली, ती प्रकाशात यायला २००९ उजाडलं. तोवर आयव्हर्सचा १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खून होऊन पाव शतक उलटलं होतं.

दोन गाणी

पुथलींच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणून जाणकार बोट ठेवतात ते १९७१ वर. ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीचं ध्वनिमुद्रण त्या वर्षी झालं.

कोलमन म्हणजे जॅझमधला मोठा पेचप्रसंग. स्वरसंवादांची ठरलेली चौकट त्याने मोडली आणि त्याबद्दल भरपूर शिव्या खाल्ल्या. पण त्याचं मूळ कुठलं? टेक्ससच्या फोर्ट वर्थ गावातल्या गुत्त्यांमध्ये रिदम अँड ब्लूज वाजवून त्याने पोट भरलं होतं. पी वी क्रेटनच्या रिदम अँड ब्लूज बँडबरोबर फिरत फिरतच तो लॉस एंजेलिसला पोहोचला होता. १९४९ मध्ये लुइझियानात त्याचं वाजवणं न आवडलेल्यांनी त्याला मारून त्याचा सॅक्सोफोन फेकून दिला होता. त्याच्याबरोबर या तबकडीवर सॅक्सोफोन वाजवणारा ड्यूई रेडमन शाळेपासूनचा गाववाला. म्हणजे बाहेरून कितीही अनोळखी वाटलं, तरी या संगीताच्या तळाशी तोच काळ्या वस्तीतला पोटापाण्याचा नाद आहे.

‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ ही पुथलींनी गायलेली दोन गाणी. पहिलं शांतपणे, दोनदा ऐकावं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एक लांब सूर धरतात. त्यांच्या पोटातूनच गळा वर येतो, त्यामुळे पहिला क्षणभर हा माणसाचा आवाज की आणखी एक वाद्य, हे कळत नाही. खाली दोन ड्रमवादक, एड ब्लॅकवेल आणि बिली हिगिन्स, आपापल्या लयीत वाजवत आहेत. चार्ली हेडनचा बास तिसरीच वाट चालतो आहे. ठेक्याचा आधार घ्यायला गेलात तर पायाखाली काही नाही. या सगळ्यावर पुथली एकेक सूर ठेवतात. तो सूर न कापता, न थरथरता उभा राहतो आणि पुढच्या सुराकडे उडी न मारता घसरत जातो.

ही मींड आहे. सुराचा लगाव आहे. लयीच्या बंधनातून सुटून स्वर लावायची सवय ज्या गळ्याला आलापीने लागलेली असते, त्यालाच हे जमतं. ऑपेराच्या तालमीने दमसास दिला असेल, पण ठेका नसताना न घाबरण्याची शिकवण षड्जाने दिली. किराणा घराण्याच्या गवयांनी पुण्यात सुराच्या लगावाचं जे वेड रुजवलं, त्या वेडात वाढलेल्या श्रोत्याला हे गाणं परकं वाटू नये. भाषा इंग्रजी, साथ अमेरिकी, धीर मात्र आपल्या तंबोऱ्याजवळचा.

दुसरी गोष्ट ब्लू नोटची. काळ्या अमेरिकी गाण्यातला गंधार पियानोवर सापडत नाही. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी हलता राहतो, कधी खालून चढतो, कधी वरून ढळतो. पियानोवर शिकलेल्या गायकाला हा सूर मुद्दाम कमावावा लागतो. दरबारीचा आंदोलित गंधार ज्याने लहानपणी घोटला आहे, त्याला एवढंच समजून घ्यायचं असतं की हे आंदोलन इथे कुठल्या वेगाने आणि कुठल्या दुःखाने करायचं. ‘घोटलेला गळा कुठेही चालतो’ असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. अडचण लयीची असते. आपलं वजन समेवर असतं. रिदम अँड ब्लूजचा ठोसा चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. आपल्याकडे अशा कार्यक्रमात टाळ्या सुरू झाल्या की निम्मं सभागृह हटकून पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वाजवतं! गायकाला तर या ठोशाच्या किंचित मागे राहून गायचं असतं, लय सोडायची नाही आणि तिच्या पायात पायही घालायचा नाही. हे पुथली शिकल्या ते रेडिओवर, चहानाचांत आणि आयव्हर्सच्या बँडमध्ये.

‘सायन्स फिक्शन’नंतर ‘डाऊन बीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांची दखल घेतली. १९७२ मध्ये मर्चंट-आयव्हरी या निर्माता-दिग्दर्शक जोडीच्या ‘सॅव्हेजेस’ या चित्रपटातही त्या दिसल्या. आता अमेरिकेत मोठी तबकडी यायची तेवढी राहिली होती. ती आलीच नाही.

सतार नको म्हणण्याची किंमत

त्या वर्षांत अमेरिकेत भारत म्हणजे सतार. रविशंकर माँटेरी आणि वुडस्टॉकला वाजवून गेले होते, जॉर्ज हॅरिसन शिष्य झाला होता, उदबत्त्यांचा खप वाढला होता. पुथलींनी साडी नेसून, सतारीच्या सुरावर अध्यात्माची गाणी म्हटली असती तर त्यांच्यासाठी खण तयार होता. दुकानांमध्ये पाटीसुद्धा लागलेली होती. काळी गायिका असती तर सोलचा खण होता. गोरी असती तर पॉपचा. भारतीय बाई इंग्रजीत प्रेमाची, देहाची, रात्रीची गाणी म्हणते आहे, तीही सतारीशिवाय, म्हटल्यावर विक्रेत्यांची मती कुंठित झाली.

मला या साऱ्या हकिगतीत मोलाचं वाटतं ते इथलं. त्या भारतीय दिसण्यासाठी गायल्या नाहीत. तालीम भारतीय होती, ती आवाजाच्या आत राहिली. तिला बाहेर काढून पाटीसारखी गळ्यात अडकवली नाही. त्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली.

युरोपातल्या सीबीएस या तबकडी कंपनीने हात पुढे केला. १९७३ मध्ये लंडनला ‘आशा पुथली’ याच नावाची तबकडी झाली. निर्माता होता डेल न्यूमन, एल्टन जॉनच्या गाण्यांचा संयोजक. गाण्यांची निवड बघा. बिल विदर्सचं ‘लेट मी इन युअर लाइफ’, ग्लॅडिस नाइटने त्याच वर्षी गाजवलेलं ‘नायदर वन ऑफ अस’, जॉर्ज हॅरिसनचं ‘आय डिग लव्ह’ आणि जे. जे. केलचं ‘राइट डाऊन हिअर’. हॅरिसनचं गाणं घेतलं, तेही सतारीविना! ‘राइट डाऊन हिअर’मध्ये बास गिटार आधी एकटी चालायला लागते, आळसावलेली, अंग मोडत. मग पुथली अगदी मायक्रोफोनला लागून, निम्मा श्वास आणि निम्मा सूर अशा आवाजात सुरू करतात. जोर कुठेच नाही. अरीथा छातीतून हाक मारते, पुथली कानाशी बोलतात. काळ्या संगीतातली ही कुजबुजीची वाटही जुनीच, मार्विन गेला ती पक्की ठाऊक होती. पुढे हळुवार रिदम अँड ब्लूज गाणाऱ्या कितीतरी गायिका याच वाटेने गेल्या.

१९७६ मध्ये जर्मनीत ‘द डेव्हिल इज लूज’ निघाली. तिच्यातलं ‘स्पेस टॉक’ हे गाणं न्यूयॉर्कला पोहोचलं ते दुकानातून नव्हे. डेव्हिड मँकुसो हा माणूस आपल्या राहत्या जागेत, ‘द लॉफ्ट’मध्ये, १९७० पासून निमंत्रितांसाठी नाचाच्या रात्री करत असे. काळे, गोरे, लॅटिन, समलिंगी, सगळे तिथे येत. मँकुसो तबकडीची पाटी बघत नसे, आवाज बघत असे. त्याने ‘स्पेस टॉक’ उचललं. इटलीतही पुथलींचं नाव झालं. १९७८ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीच्या ‘स्ट्रिक्स’ या भडक, वादग्रस्त कार्यक्रमात त्या ग्रेस जोन्स आणि अमांडा लिअरच्या बरोबरीने झळकल्या. १९८० नंतर मुलाला वाढवण्यात त्या गुंतल्या आणि गाणं मागे पडलं. मुंबईत या सगळ्याचा पत्ताच नव्हता. आयातीच्या निर्बंधांमुळे या तबकड्या इथे येतच नव्हत्या.

तुकड्याचं मोल

नटोरियस बी.आय.जी. या रॅपरचा ९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या घालून खून झाला. सोळा दिवसांनी त्याची ‘लाइफ आफ्टर डेथ’ ही दुहेरी तबकडी आली. तिच्यातल्या एका गाण्यात ‘स्पेस टॉक’चा तुकडा फिरत राहतो.

हा तुकडा घेण्याचा व्यवहार समजून घ्यायला हवा. हिपहॉपचे निर्माते जुन्या तबकड्यांतल्या चार-आठ मात्रा उचलतात आणि त्यांचा आवर्तनासारखा वापर करतात. आधी हे खुशाल चाले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि परवानगी, श्रेय आणि मोबदला यांचा हिशोब सुरू झाला. म्हणजे १९९७ मध्ये जर्मनीतल्या एका विसरलेल्या तबकडीतला तुकडा कुणी घेतला, तर तो कायद्याच्या कागदावर नाव येण्याइतका मोलाचा वाटला म्हणूनच. ज्या आवाजासाठी हॅमंडच्या कंपनीला अमेरिकेत जागा सापडली नाही, त्या आवाजाला ब्रुकलिनच्या पोराच्या तबकडीत जागा मिळाली. ज्या काळ्या वस्तीतून रिदम अँड ब्लूज आलं होतं, तिच्याच नातवंडांनी पुथलींना आपल्यात घेतलं.

त्यानंतर त्या हळूहळू परतल्या. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या गायल्या तेव्हा जोडीला ड्यूई रेडमन होता. पस्तीस वर्षांनी पुन्हा तोच सॅक्सोफोन! काही आठवड्यांतच रेडमन गेला. २०२२ मध्ये ब्रिटनच्या मिस्टर बोंगो कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला आणि विशी-पंचविशीतली मुलं त्यांची मुलाखत घ्यायला रांगा लावू लागली.

पुण्यातल्या मुलींसाठी

पुण्यात आज रिदम अँड ब्लूज ऐकणारे आहेत आणि गाणारेही. २०१० मध्ये एनएच-सेव्हन वीकेंडरचं पहिलं पर्व कोरेगाव पार्कात झालं, तेव्हापासून शहरात मूळ इंग्रजी रचना करणाऱ्या गटांना श्रोता आहे. इथल्याच ‘इझी वाँडरलिंग्ज’ या गटाच्या गाण्यांत सोलची ऊब स्पष्ट ऐकू येते. कोथरूड-सहकारनगरमधल्या कितीतरी घरांत मुलगी संध्याकाळी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेचा मालकंस घोटते आणि रात्री कानात बोंडं घालून बियॉन्सेच्या ताना उतरवून घेते. क्लासमधल्या बाई म्हणतात, त्या इंग्रजी गाण्याने गळा बिघडेल. बँडमधले मित्र म्हणतात, तुझा आवाज ‘क्लासिकल’ वाटतो, ते काढून टाक.

दोघांचंही ऐकू नये, असं पुथलींची कारकीर्द सांगते. मालकंस काढून टाकला असता तर कोलमनच्या त्या गाण्यात त्यांना उभंच राहता आलं नसतं. आणि नुसत्या मालकंसावर विसंबल्या असत्या तर दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा ठोसा कधी अंगात भिनला नसता. फ्यूजनच्या नावाखाली वर सरगम आणि खाली गिटार ठेवून जे चालतं, ते या दोन्हींपैकी काहीच नव्हे. त्यात पाट्या दोन असतात, गाणं एकही नसतं.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी ‘राइट डाऊन हिअर’ लावावं, मग ‘स्पेस टॉक’ आणि कान तयार झाल्यावर ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’. जगात नाव झालेली आपली मुंबईकर म्हणून आता त्यांचा सत्कार करायला आपण उठू, तो आपला स्वभावच आहे. पण त्यांना घडवलेल्या शहरात त्यांच्या पदरात एक छोटी तबकडी पडली होती, तीही चार परक्या गाण्यांची, हेही त्या सत्कारात सांगावं. तेव्हा आडवे आलेले खण आता उरले नाहीत. फोनवर गाणं लावणारा पाटी वाचत नाही आणि पुण्यातल्या मुलीचं गाणं दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटमध्ये ऐकता येतं. विकणाऱ्यांचा अडसर निघाला. गळ्यावर दोन शिस्ती बसवायला लागणारी वर्षं मात्र तेवढीच आहेत, ती कुणी कमी केलेली नाहीत.